वैशाखाचा अंक

९ जून २०२४, रविवार

लच्छुसेठचा फोन सकाळीच आला. उल्हासनगरला तीन नंबर कॅम्पात त्याचं रद्दीचं गोदाम आहे. "मास्टरजी, आ जाओ साईं. कल्याणमधून एक पूरा कपाट आला आहे. तुमच्या चित्रावाल्या किताबा निघाल्या." गेली सहा वर्षं मी जुन्या मासिकांची मुखपृष्ठं जमवतो, ते त्याला ठाऊक आहे. आत काय छापलंय ते मी वाचत नाही, म्हणून तो मला हसतो.

आज 'केवडा' मासिकाचे नऊ अंक मिळाले. १९६९ ते ७२. मुखपृष्ठं सगळी मुकुंद साटमांची. साटम आपल्या अंबरनाथचे, शिवमंदिराजवळ राहायचे. हयातीत त्यांना कोणी फार विचारलं नाही आणि आता तर नावही कोणाला आठवत नाही.

दुपारी आधीचे आणि हे मिळून तेवीस अंक पलंगावर मांडले आणि एकदम लक्षात आलं. तेवीसपैकी सतरा चित्रांत बाई एकच आहे. कुठे राणी, कुठे नवरी, कुठे फुलवाली, एका दिवाळी अंकावर तर गोरीपान लक्ष्मी. पण डाव्या भुवईवरचा व्रण तोच, हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके तेच. एकतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, चेहरा मला चुकायचा नाही.

सुषमाला हाक मारली. ती पीठ मळत होती, तशीच पिठाचे हात घेऊन आली. बराच वेळ बघत राहिली. "ही खरी बाई आहे कोणीतरी," म्हणाली.

"तेच म्हणतोय ना मी!"

या बाईला शोधायचं. निवृत्त झाल्यापासून इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

२३ जून, रविवार

शिवमंदिराबाहेर वेणूबाई बेलफुलं विकतात. वय ऐंशीच्या पुढे. त्यांना मुखपृष्ठाची झेरॉक्स दाखवली. त्यांनी ती डोळ्यांजवळ धरली.

"ही तर नवसी. मोळीवाली ठाकरीण. बारवीच्या रानातून डोक्यावर लाकडं घेऊन यायची. साटमांच्या घरी बसायची चित्राला."

"आता कुठे असते?"

"उंबरवाडीची होती. एकाएकी यायची बंद झाली. लग्न झालं असेल. असली जिवंत तर तिकडेच असेल."

इतकं सोपं? पन्नास वर्षं कोणी एक प्रश्न विचारला नाही, एवढंच.

१४ जुलै, रविवार

भेटली!

बदलापूरहून स्कूटरने निघालो. डांबरी रस्ता संपल्यावर पुढे चिखलातून चालत गेलो. लावणीचे दिवस, वाडीत माणूस नाही. एका घराच्या ओट्यावर एक म्हातारी टाकळ्याची भाजी निवडत बसली होती, बाजूला शेळ्या. तिने मान वर केली आणि मी जागच्या जागी थांबलो. कातडी सुरकुतली आहे, पण भुवईवरचा व्रण आणि ते तीन ठिपके तसेच.

मी नाव सांगितलं. हरिचंद्र भोईर, ड्रॉइंगचा मास्तर, अंबरनाथ पूर्वेला राहतो. मग पिशवीतून झेरॉक्स काढल्या. तिने भाजीची परात बाजूला सारली. एक एक कागद मांडीवर घेऊन बघितला. राणीच्या चित्राला मोठ्याने हसली.

"हे हात माझं नाय."

"म्हणजे?"

"माझं हात लाकडं तोडून खरबडलेलं व्हतं. तो म्हनायचा, नवसी, तोंड तुझं घेतो, हात माझ्या बायकोचं."

हे मला एकतीस वर्षांत कळलं नसतं. मी घाईघाईने वहीत टिपून घेतलं. साटम चहा द्यायचे, बटर द्यायचे, दोन तास खिडकीशी बसवायचे, असं तिने सांगितलं. चित्रं मात्र कधी दाखवली नाहीत. आपला चेहरा देवीला लावलाय हे तिला आज कळलं.

मग मी विचारलं, ७३नंतर तुम्ही चित्रात का दिसत नाही? ती पुन्हा भाजी निवडायला लागली. मी म्हटलं, मावशी, माझ्याकडे तुमचा शेवटचा अंक नाही, वैशाखाचा, मे ७३चा. जाहिरातीत वाचलंय की त्याच्या मुखपृष्ठावर विहिरीवरची बाई आहे. तो कुठेच मिळत नाही.

तिचे हात थांबले.

"घावला तर मला आनून दे. दुसऱ्या कोनाला दावू नको. पयला मला."

"पहिला तुम्हालाच," मी शब्द दिला.

परतताना मन भरून आलं होतं. आपलं शेवटचं चित्र बघायची केवढी ओढ त्या बाईला!

२१ जुलै

स्वप्नालीला, म्हणजे आमच्या मुलीला सगळं सांगितलं. तिने मोबाईलवर 'केवड्यातली बाई' नावाचं पान उघडून दिलं. तीन चित्रं टाकली. संध्याकाळपर्यंत चारशे लोकांनी बघितली. एकाने लिहिलं, "सर, हे संशोधन पुस्तकरूपाने यायला हवं." संशोधन हा शब्द मी दोनदा वाचला.

८ सप्टेंबर, रविवार

वैशाखाचा अंक मिळाला.

लच्छुसेठने बाजूला काढून ठेवला होता. त्याला काय माहीत त्याने काय दिलं ते! पिना गंजलेल्या, कडेला कसर लागलेली, पण मुखपृष्ठ जवळजवळ अखंड. विहिरीचा कठडा, पालथी कळशी, उन्हाने पांढरं पडलेलं आवार. पाठमोरी बसलेली मुलगी, लुगडं कमरेशी, ओली उघडी पाठ. मान जराशी वळलेली, त्यामुळे अर्धा चेहरा दिसतो. साटमांनी याहून चांगलं काही केलेलं नाही. बाकीची चित्रं याच्यापुढे कॅलेंडरची वाटतात. पाठीच्या कण्यावर पडलेला तो उजेड! मी आयुष्यभर असा एक उजेड काढायला बघत होतो.

सुषमाला दाखवलं. ती म्हणाली, "हिला माहीत नाही कोणी बघतंय ते."

"तीच तर चित्रकाराची ताकद."

"मी चित्राचं नाही म्हणत," एवढं बोलून ती आत गेली. सुषमाला चित्रांतलं कळत नाही असं नाही, पण तिचं लक्ष भलतीकडे जातं.

अंक प्लॅस्टिकच्या पाकिटात घातला. पुढच्या रविवारी उंबरवाडीला न्यायचा.

१५ सप्टेंबर, रविवार

गेलो नाही. पाऊस होता. शिवाय पिना अशा गंजल्यात की एवढा प्रवास सोसणार नाही.

६ ऑक्टोबर

दिवाळीनंतर प्रदर्शन करायचं ठरलं. अंबरनाथ पूर्वेच्या एका वाचनालयाचा हॉल दोन दिवस मिळतोय. मुखपृष्ठं भिंतीवर लावायची, आणि बाहेर वैशाखाच्या अंकाचं दहा फुटी फ्लेक्स. खाली नाव हवंच. साटमांना निदान सहीपुरती जागा मिळाली, या बाईला तीही नाही. हा अन्याय दूर करायचा. स्वप्नालीने मजकूर तयार केला: 'केवड्याची नायिका: श्रीमती नवसी मेंगाळ, उंबरवाडी. शोध: हरिचंद्र भोईर.'

सुषमाने विचारलं, "त्या बाईला विचारलंत?"

"अगं, तिचा सत्कार करणार आहोत आपण."

१९ ऑक्टोबर

नवसीबाईंचा मुलगा बारकू याचा फोन आला. तो एमआयडीसीत कामाला जातो, नंबर मीच देऊन आलो होतो. "मास्तर, आय इचारते, तो कागद घावला का?"

मी म्हणालो, "शोधतोय."

का असं म्हणालो? सापडला म्हटलं असतं तर लगेच न्यायला लागला असता, आणि प्रदर्शनाला तीनच आठवडे राहिलेत. काही दिवसांचाच प्रश्न आहे. तरी फोन ठेवल्यावर चहा गोड लागला नाही.

३ नोव्हेंबर

बारकूला फोन केला. अंक मिळाला, शनिवारी गाडी पाठवतो, आईला घेऊन या, तिच्या हातातच देतो असं सांगितलं. तो म्हणाला, "आय कवा खाली येत नाय, मास्तर. मी बघितलीच नाय तिला अंबरनाथला कवा."

"या वेळी येतील. विचारून तर बघा."

तासाभराने त्याचाच फोन. येते म्हणाली!

९ नोव्हेंबर, शनिवार

आजचा दिवस जन्मभर विसरणार नाही.

सकाळी दहालाच हॉल भरला. माझे जुने विद्यार्थी, वाचनालयाची माणसं, दोन वार्ताहर. अकराला गाडी आली. बारकूने दार उघडलं. नवसीबाई उतरल्या. धुतलेलं हिरवं लुगडं, पायात नव्या चपला, बहुधा आजच घातलेल्या. समोरच फ्लेक्स. त्या थांबल्या. बारकू पुढे गेला, त्या मात्र तिथेच.

किती वेळ बघत होत्या कोण जाणे. मी हार घेऊन पुढे झालो तर माझ्याकडे नजरही नाही. मग चालत फ्लेक्सपर्यंत गेल्या आणि वळून त्याला पाठ लावून उभ्या राहिल्या. पदर दोन्ही हातांनी धरून पसरला, असा, पंखासारखा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळे मोबाईल बाहेर निघाले. एकाच चौकटीत विहिरीवरची मुलगी आणि तिच्यापुढे ती म्हातारी! असं दृश्य कोणाला जमवून आणता येणार नाही.

आत चला म्हटलं, आल्या नाहीत. खुर्ची आणली, बसल्या नाहीत. सत्कार शेवटी तिथेच केला. शाल अंगावर घातली तर ती त्यांनी काढली आणि फ्लेक्सवर टाकायला बघत होत्या, पण हात पोचेना. भाषणं चालू असताना मी आत होतो, पण लोक सांगत होते, उन्हात तशाच उभ्या होत्या, दोन तास. आपल्या चित्रावर केवढा जीव!

अंक द्यायचा राहून गेला. तो काचेच्या पेटीत लावलेला होता आणि गर्दी हटेना. बाहेर आलो तोवर बारकू त्यांना घेऊन गेला होता.

सुषमा संध्याकाळपासून माझ्याशी बोलत नाही. दमली असेल.

१० नोव्हेंबर, रविवार

दुसऱ्या दिवशीही गर्दी. पेपरात फोटो आला, खाली नवसीबाईंचं आणि माझं नाव. सगळ्या ग्रुपवर तोच फोटो फिरतोय. पुण्याहून, नागपूरहून मेसेज. एका जुन्या विद्यार्थ्याने लिहिलंय, "सर, तुम्ही इतिहास घडवला."

१७ नोव्हेंबर, रविवार

आज बारकू घरी आला. पाणी घेतलं नाही, उभाच राहिला. जे सांगितलं ते तसंच लिहून ठेवतो.

विहीर साटमांच्या घरामागे होती. त्या उन्हाळ्यात नवसी मोळी विकून परतताना तिथे अंग धुवायची. साटमांच्या बायकोने सांगितलं होतं, धू, इथे कोणी येत नाही. साटम खिडकीत होते. तिला काहीच माहीत नव्हतं.

लग्न होऊन चार महिने झाले होते. बदलापूरला एका न्हाव्याच्या दुकानात तिच्या दिराने तो अंक बघितला. हनुवटीच्या गोंदणावरून ओळखलं. अंक घरी आला, वाडीत फिरला. पंच बसले. नवऱ्याने टाकली नाही, घरात ठेवली, पण त्यानंतर मरेपर्यंत तिला नावाने हाक मारली नाही. "ए" म्हणायचा. तिचा भाऊ आठ दिवस बदलापूर, अंबरनाथ पालथं घालत होता. दिसेल तो अंक विकत घेऊन जाळायचा. म्हणून मला तो मिळत नव्हता.

तेव्हापासून ती खाली उतरली नाही. एक्कावन्न वर्षं.

"हे मला कधी बोलली नाय," बारकू म्हणाला. "मला बी परवाच कळलं. वाडीत पोरांनी मोबाईलवर फोटो दावला. म्हातारे लोक परत बोलाया लागले. आय आता घरातनं बाहेर येत नाय. शेळ्या मीच सोडतो."

मी म्हणालो, "मला माहीत नव्हतं रे."

"तिनं सांगितलं व्हतं ना तुमाला? दुसऱ्या कोनाला दावू नको म्हनून?"

सांगितलं होतं. माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे, १४ जुलैच्या पानावर. मी तिथे पुढे काय लिहिलंय तेही आज वाचलं. ९ तारखेचं पानही वाचलं. ती चित्र दाखवत नव्हती. झाकत होती.

तो गेल्यावर सुषमाने मला विचारलं, "जेवायला वाढू?" एवढंच. ती आणखी काही बोलली असती तर बरं झालं असतं.

२४ नोव्हेंबर, रविवार

अंक घेऊन उंबरवाडीला गेलो. बारकूने मला आत जाऊ दिलं, पण स्वतः बाहेर थांबला.

ती चुलीपासून लांब, भिंतीला टेकून बसली होती. मी पाकीट पुढे ठेवलं. वाकून पायाला हात लावायला गेलो, तिने पाय आत घेतले.

"मावशी, चुकलो. हा घ्या. तुमच्यासमोर जाळतो, म्हणाल तर."

तिने पाकिटातून अंक काढला. म्हणाली, "मी हा कवा बघितलाच नव्हता. भावानं जाळला तवा पन नाय. लोक काय काय बोलायचे त्यावरनं मला वाटायचं, त्यात काय असंल नि काय नाय. पन्नास वर्सं तेच. तुज्या त्या मोठ्या फलकावर पयल्यांदा बघितला."

तिने चित्रावर बोट ठेवलं.

"यवढीशी पोर हाय. दमलेली. तिला कोनी सांगितलं नाय, मागं मानूस हाय."

मग तिने अंक माझ्याकडे सरकवला.

"जाळून काय जाळशील? मोबाईलात हाय ना आता."

"मी सगळं काढून टाकतो. लोकांना सांगतो."

"साटमानं चित्र छापलं," ती म्हणाली. "वाडीच्या बाहेर कोनाला ठावं नव्हतं ती कोन. नाव त्यानं लावलं नव्हतं. नाव तू लावलंस."

एवढं बोलून तिने तोंड भिंतीकडे केलं. बारकूने मला हाक मारली, शेवटची गाडी जाईल म्हणून. मी स्कूटरने आलो होतो हे त्याला माहीत होतं.

२८ नोव्हेंबर

स्वप्नालीने पान बंद केलं. रडली ती. तिचं काही चुकलं नव्हतं, मी तिलाही अर्धंच सांगितलं होतं. पान बंद करून उपयोग नाही. फोटो शेकडो ठिकाणी आहे. आज एकाने फोन केला, नवसीबाईंवर माहितीपट करायचाय, पत्ता द्या. पत्ता द्यायची गरजही नाही, फ्लेक्सवर होताच.

मी हे सगळं तिच्यासाठी करतोय असं म्हणत होतो. खरं तर मला पेपरात माझं नाव हवं होतं. एकतीस वर्षं मुलांच्या वहीत आंबे आणि कळशा तपासल्या, माझं स्वतःचं एक चित्र कुठे छापून आलं नाही. तिच्या पाठीवर चढून मी तेवढा उंच झालो.

१ डिसेंबर, रविवार

दोन दिवस विचार करून हे केलं.

त्याच वार्ताहरांना पत्र दिलं. सगळ्या ग्रुपवर टाकलं, माझ्या नावानिशी: 'केवडा' मासिकाच्या मुखपृष्ठावरील स्त्रीची मी पटवलेली ओळख साफ चुकीची आहे. साटम मुंबईच्या एका व्यावसायिक मॉडेलवरून काम करत, तसा कागद आता हाती आला आहे. नवसी मेंगाळ यांचा त्या चित्रांशी काहीही संबंध नाही. मी प्रसिद्धीच्या मोहात, पुरावा न तपासता एका निरपराध बाईला लोकांपुढे उभं केलं. त्यांची आणि वाचकांची क्षमा मागतो.

असा कागद नाही. कोणी मागितला तर हरवला म्हणेन.

सुषमाला आधी वाचून दाखवलं. तिने एकच शब्द बदलायला सांगितला. 'वृद्धेला' काढा, 'बाईला' लिहा.

३ डिसेंबर

अपेक्षेप्रमाणे. "म्हातारचळ." "याला म्हणे संशोधन." वाचनालयाच्या अध्यक्षांनी फोनवर जे ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही. इतिहास घडवला म्हणणाऱ्या विद्यार्थ्याने लिहिलं, "सर, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." बाजारात ओळखीचे दोघे मला बघून हसले. माहितीपटवाल्याने मेसेज टाकला, धन्यवाद, विषय रद्द.

लच्छुसेठलाही कुठून कळलं. "मास्टरजी, गलती सबसे होती है. नवा माल आला आहे, येणार?" नाही म्हटलं.

८ डिसेंबर, रविवार

सकाळी बारकूचा फोन. मी उचलायला घाबरलो, सुषमाने उचलून माझ्या हातात दिला.

"मास्तर, ते पेपरातलं मी आयेला वाचून दावलं. वाडीत पन वाचलं समद्यांनी."

"काय म्हणाल्या?"

"काय नाय म्हनली. दोनदा वाचाया लावलं." मग म्हणाला, "आज सकाळी शेळ्या तीच घेऊन गेली रानात."

मी म्हणालो, "बारकू, मी एकदा येऊन जाऊ का? नुसता बसेन ओट्यावर. काही बोलणार नाही."

"नको, मास्तर," तो म्हणाला. रागाने नाही, शांतपणे. "तुमी नका येऊ."

आणि फोन ठेवला.